वैशाखात तग धरणारी बाग

मुंबईत तीस वर्षे काढून आम्ही दोघे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावी कायमचे राहायला आलो, तेव्हा घराची कौले बदलण्याआधीच मनात बाग उभी राहिली होती. मुंबईच्या खोलीत खिडकीच्या जाळीत मावतील तेवढ्याच कुंड्या. इथे पुढे अंगण, मागे परस, चारी बाजूंना जांभ्याचा गडगा आणि कोपऱ्यात सामायिक विहीर. आता हौस भागवून घेऊ, असे वाटले तर नवल नाही.

पहिल्या पावसाळ्यात टेम्पो भरून रोपे आणली. अंगणात हिरवळीचे गालिचे अंथरले. कडेने ड्युरांटाचे पिवळे कुंपण, दाराशी अरेका पाम, मध्ये रंगीत पानांचे क्रोटन. जागा कमी पडली म्हणून गडग्याजवळचे ‘जंगल’ मजुराकडून साफ करून घेतले. ईदला आलेले पाहुणे त्या हिरवळीवर उभे राहून फोटो काढत होते. आम्ही खूश होतो.

मग मे महिना आला. विहिरीचा तळ दिसू लागला. आम्ही मोटर लावून संध्याकाळी हिरवळीला पाणी देत होतो, आणि त्याच विहिरीवर पहाटे शेजारच्या चार घरांच्या बायका कळशा घेऊन येत होत्या. एका सकाळी शेजारच्या खाला दारात आल्या. वयाने आमच्या अम्मींच्या बरोबरीच्या. त्या भांडायला आल्या नव्हत्या. बसल्या, चहा घेतला, आणि उठताना एवढेच म्हणाल्या, “सूनबाई, तुमचं गवत रात्री पोटभर पाणी पितं. पहाटे आम्ही येतो तेव्हा दोरी पुरत नाही गो.”

ते वाक्य आम्हाला दिवसभर पुरले. रात्री दोघांनी वही घेऊन हिशेब मांडला. आमची हिरवळ ३०० चौरस फूट, म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. कडक उन्हात ती हिरवी ठेवायची तर चौरस मीटरला रोज पाच लिटर पाणी लागते. म्हणजे दिवसाला १४० लिटर. चौदा लिटरचा हंडा धरला तर दहा हंडे! शेजाऱ्याच्या दारचे दहा हंडे आम्ही रोज गवतावर ओतत होतो, आणि ते गवत ना कोणाच्या पोटात जात होते, ना कोणाच्या औषधाला येत होते. त्याच रात्री मोटर बंद केली.

न लावलेली झाडे

दहा दिवसांत हिरवळ तपकिरी झाली. क्रोटनने पाने टाकली, पामची टोके करपली. मन खट्टू झाले. पण पुढची बाग मरत असताना एक गोष्ट नजरेत भरली. परसातल्या गडग्यापलीकडे, जिथे आम्ही कधी तांब्याभर पाणीसुद्धा टाकले नव्हते, तिथे अडुळसा हिरवागार उभा होता. करवंदीच्या जाळीला काळी करवंदे लगडली होती आणि तिच्यात बुलबुलांचा गोंधळ चालला होता. कोरांटीची पाने मलूल झाली होती, तरी खोड जिवंत होते.

खालांना बोलावून आणले. त्यांनी काठी टेकत परस फिरून दाखवले. “हा अडुळसा तुझ्या सासूने लावलेला. अख्खी वाडी खोकल्याला याची पानं न्यायची. इथे निर्गुडी होती. आणि या दगडापाशी मेंदी. ईदच्या आदल्या दिवशी आम्ही पोरीबाळी इथेच पाला ओरबाडायला यायचो.”

निर्गुडी आणि मेंदी दोन्ही गेल्या वर्षी मजुराने तोडलेल्या ‘जंगला’त गेल्या होत्या. आम्हीच तोडायला सांगितल्या होत्या. मरहूम अम्मींनी तीस-चाळीस वर्षांत उभी केलेली बाग आम्हाला बाग म्हणून ओळखताच आली नव्हती. दुकानात पैसे मोजून आणलेली तेवढीच बाग, असा आमचा समज.

अल्लाहची मेहरबानी की दोन्ही झुडपांची खोडे जमिनीत शाबूत होती. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या आणि पंधरा दिवसांत त्यांना बुंध्यापासून धुमारे फुटले. तेव्हापासून आम्ही बाग नव्याने शिकायला लागलो. या चार वर्षांत जे शिकलो ते इथे मांडतो आहोत. कोणाच्या घरी अशीच चूक होणार असेल तर ती टळावी, एवढाच हेतू.

देशी कशाला म्हणायचे?

आपल्या दारात पिढ्यान्‌पिढ्या दिसते ते सगळे देशी, असे आपण धरून चालतो. खरे पाहता गुलमोहर आणि सदाफुली मादागास्करची, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोचे. देवचाफा मध्य अमेरिकेतून आला. रानावनात माजलेली घाणेरीसुद्धा अमेरिका खंडातली. इंग्रजांच्या काळात शोभेचे झुडूप म्हणून आली आणि जंगलभर पसरली. कोकणात पडीक जागा व्यापणारी रानमोडीही परदेशीच.

याचा अर्थ बाहेरचे प्रत्येक झाड उपटून टाकावे असा नाही. काजू ब्राझीलचा आहे आणि त्याच्यावर कोकणातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात. मेंदी कोरड्या मुलखांतली, पण शतकानुशतके आपल्याकडे रुळलेली. आम्ही स्वतःपुरता साधा नियम केला. नवे रोप घेताना दोन प्रश्न विचारायचे. पहिला, मुळे धरल्यावर हे झाड वैशाखात माझ्याकडे किती पाणी मागेल? दुसरा, याच्याकडे कोण येईल?

आपल्या मातीतल्या झाडांना या दोन्ही प्रश्नांची उत्तरे जमतात, कारण ती इथल्याच हवेत घडली आहेत. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जवळपास कोरडे. जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही. चार महिने पाय पाण्यात आणि आठ महिने घसा कोरडा, हे सोसायची सवय अडुळशाला आणि करवंदीला आहे. हिरवळीच्या गालिच्याला ती नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुरवंट देतात. फुलातला मध अनेक फुलपाखरांना कुठल्याही फुलावर मिळतो, पण त्यांच्या सुरवंटांना ठरावीक झाडांचीच पाने लागतात. कढीपत्त्यावर मॉर्मन जातीच्या काळ्या फुलपाखरांचे सुरवंट वाढतात. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू जाहीर केले. मराठीत त्याला नीलवंत म्हणतात. देशात राज्य फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. या नीलवंताचे सुरवंट लिंबू, पपनस यांच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. क्रोटनच्या पानाचा त्यांना काही उपयोग नाही.

आधी जागा पाहा

झाड निवडण्यापूर्वी एक दिवस नुसती जागा पाहण्यात घालवावा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कुठे पडते ते पाहावे. पावसाळ्यात पाणी कुठे साचते ते लक्षात ठेवावे. शंका असेल तर हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल, तर तिथे प्राजक्तासारखी झाडे कुजतात. घाटावर काळी जमीन असेल तर हे विशेष पाहावे, कारण ती पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा ठिकाणी माती थोडी उंच करून वरंब्यावर लावणे बरे.

घराच्या भिंतीपासून अंतरही महत्त्वाचे. झुडपाला तीन-चार फूट आणि प्राजक्तासारख्या लहान झाडाला दहा फूट तरी जागा सोडावी. आज वीतभर दिसणारे रोप पाच वर्षांनी खिडकी झाकते.

कुंपणासाठी झुडपे

कुंपणाचे पहिले काम गुरे-शेळ्या आत येऊ न देणे. अडुळशाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, इतका तो कडू. पावसाच्या सुरुवातीला वीतभर जाड फांद्या तोडून अडीच-तीन फुटांवर खोचल्या की बहुतेक जगतात. थंडी सरताना पांढरी फुले येतात आणि मधमाश्या त्यांच्यावर तुटून पडतात. मात्र खोकल्याला घरी काढा करताना हकिमांना किंवा वैद्यांना विचारावे, आणि गरोदर बाईला अडुळसा देऊ नये.

निर्गुडीही फांदीपासून सहज येते. निळसर-जांभळ्या फुलांचे तुरे, आणि त्यांच्याभोवती दिवसभर गुणगुण. तिचा पाला गरम करून दुखऱ्या गुडघ्याला बांधतात. धान्यात किडे होऊ नयेत म्हणून वाळलेली पानेही घालतात. ती भराभर वाढते, म्हणून वर्षातून एकदा छाटावी लागते.

करवंदीला धीर हवा. पिकलेल्या करवंदाचे बी लगेच पेरावे, वाळवून ठेवू नये. पहिली दोन-तीन वर्षे ती हलतच नाही असे वाटते. पण एकदा जाळी झाली की काट्यांतून कुत्रेही शिरत नाही आणि उन्हाळ्यात पाण्याचे नावही काढत नाही. पांढऱ्या फुलांचा वास येतो, मे महिन्यात फळे मिळतात. आमच्याकडे अर्धी पोरे खातात, अर्धी पाखरे.

मेंदीचे कुंपण उन्हातच करावे. सावलीत ती लांबुडकी होते. छाटत राहिले तर दाट होते, आणि काही फांद्या मोकळ्या सोडल्या तर बारीक फुलांचे घोस येतात. हिनाचे अत्तर आपण कपड्याला लावतो. तो वास झाडावर कसा असतो, हे आम्हाला साठीत कळले.

दाराशी आणि स्वयंपाकघराशी

दाराशी सुगंध हवा. जुईचा वेल मांडवावर चढवता येतो आणि एकदा रुजला की फार लाड मागत नाही. मोगरा मात्र नेमका उन्हाळ्यात फुलतो आणि तेव्हाच पाणी मागतो. म्हणून आमच्याकडे एकच मोगरा आहे, तोही न्हाणीघराजवळ. कुंतीचे झुडूप पावसाच्या सरीनंतर पांढऱ्या फुलांनी भरते. तिची लाल फळे बुलबुल खातात. प्राजक्त पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि थंडीत फुलतो. फजरच्या नमाजनंतर दार उघडावे तर केशरी देठांची फुले ओल्या मातीवर पडलेली असतात.

थोडी जागा असेल तर कोपऱ्यात धायटी लावावी. जानेवारी ते एप्रिलमध्ये, जेव्हा बाकीचे रान सुकते, तेव्हा ही लालबुंद होते आणि शिंजीर तिच्यावर लटकून मध पितात. भूतकेस हे सह्याद्रीतले दुसरे देखणे झुडूप. केशरी लहान फुलाजवळ पांढरे पान चिकटवल्यासारखे दिसते. सावलीच्या बाजूला ते चांगले होते.

स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता. जुन्या झाडाच्या मुळांना फुटलेली पिले पावसात काढून लावावीत. बियांपासून करायचे तर बी ताजे हवे. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा ठिपका हलताना दिसला तर औषध फवारू नका. तो फुलपाखराचा लहान सुरवंट असतो, पुढे हिरवा होतो. झाड लहान असेल तर तो थोडे टक्कल पाडतो, पण पाने पुन्हा फुटतात. आमच्या नातीने एक सुरवंट कोष करीपर्यंत रोज पाहिला. त्या सुट्टीत तिने मोबाईल कमी मागितला, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो!

झोपी जाणारी झाडे

देशी बागेत एक जात अशी की जी दरवर्षी जमिनीवरून नाहीशी होते आणि जमिनीखाली जिवंत राहते. पेव, रानहळद, शतावरी ही अशी. पावसाबरोबर उठतात, फुलतात, आणि थंडी-उन्हाळ्यात कंद किंवा मुळांच्या आधारे झोपून राहतात. वैशाखात त्यांना पाणी द्यावेच लागत नाही, कारण तेव्हा ती वर नसतातच.

पेवाचे खोड जिन्यासारखे वळत वर जाते आणि लाल बोंडातून पांढरीशुभ्र फुले येतात. पहिल्या वर्षी जानेवारीत त्याच्या काटक्या वाळलेल्या पाहून आम्ही ‘मेले’ म्हणून उपटले आणि उकिरड्यावर टाकले. पुढच्या जूनमध्ये उकिरड्यावर पेवाचे बन उगवले! तेव्हापासून अशा झाडांच्या जागी जांभ्याचा एक दगड ठेवतो, म्हणजे कुदळ तिथे पडत नाही.

भारंगी याच धर्तीची. उन्हाळ्यात खंगते, पावसात मुळापासून नवी फूट येते. तिच्या कोवळ्या पानांची आणि फुलांची भाजी कोकणात पावसाळ्यात करतात. पाने कडवट, म्हणून आधी उकडून पाणी काढून टाकायचे. खालांच्या हातची सुक्या जवळ्याबरोबरची भाजी खाल्ली आणि आम्ही आणखी चार रोपे लावली.

कळलावी मात्र विचार करून लावावी. पिवळ्या-लाल ज्वाळांसारखे तिचे फूल फार सुंदर, पण सगळे झाड विषारी, कंद तर अधिकच. लहान मुले असलेल्या घरी ती नको. कण्हेरही विषारी आहे. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. आणि ज्या ड्युरांटाचे कुंपण आम्ही इतक्या हौसेने केले होते, त्याची पिवळी फळेही मुलांनी खाण्याजोगी नाहीत, हे आम्हाला नंतर समजले.

वुजूचे पाणी आणि वाळा

मोटर बंद केली, तरी घरात वापरून सांडणारे पाणी होतेच. आम्ही एकदा वुजूच्या जागी घमेले ठेवून मोजले. नळ सोडून केलेल्या एका वुजूला चार-पाच लिटर पाणी गेले. तांब्याने केला तेव्हा दीड लिटरमध्ये भागले. पाण्याचा अपव्यय करू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते, पण घमेले भरलेले पाहिल्यावर ते मनात उतरले. आता घरात तांब्याच वापरतो. तरी दोघांच्या पाच वेळांचे मिळून रोज पंधरा लिटर पाणी निघते, आणि त्यात साबण नसतो. जुमाला किंवा सुट्टीत मुले-नातवंडे आली की दुप्पट.

या पाण्याची पन्हळ परसात काढली आणि तिच्या तोंडाशी वाळा लावला. वाळा हे आपल्या देशातले बहुवर्षायू गवत. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतसुद्धा, आणि माती बांधून ठेवतात. उतारावरची माती पावसात वाहून जात असेल तर वाळ्याची एक ओळ बांधासारखे काम करते. लावायला बी लागत नाही. जुन्या ठोंबाचे फुटवे वेगळे करून वीतभर अंतराने लावायचे. दोन वर्षांनी काही ठोंब काढून मुळे धुऊन वाळवली. माठात टाकली की पाण्याला तोच वास येतो, जो खसच्या अत्तराला आणि रमजानच्या सरबताला असतो. बाजारातल्या हिरव्या रंगाच्या बाटलीची गरज उरली नाही.

वाळ्यापुढे थोडे पाणी कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला जाते. बाकी बागेला फक्त पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा, तेही भांडी विसळलेल्या बिनसाबणाच्या पाण्यातून. तिसऱ्या वर्षापासून तेही बंद केले.

रोपे कुठून आणायची, कधी लावायची

जंगलातून झाड उपटून आणू नये. ते बहुधा जगत नाही आणि जंगलही उजाड होते. फांदी, बी, पिले यांवर भागवावे. गावातल्या जुन्या घरांच्या परसात जवळजवळ सगळे मिळते, फक्त विचारावे लागते. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या तोंडावर चौकशी करावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडेही रोपवाटिका आहेत. खासगी रोपवाटिकेत ‘काहीतरी हिरवेगार द्या’ असे म्हणू नये, झाडाचे नाव सांगून मागावे. फुललेले मोठे रोप घेण्यापेक्षा लहान रोप घ्यावे. ते लवकर मूळ धरते आणि स्वस्तही पडते.

खड्डे मे महिन्यातच दीड फूट लांब, रुंद आणि खोल खणून उन्हात तापू द्यावेत. पहिले दोन चांगले पाऊस झाले, माती आतपर्यंत भिजली, की लावणी करावी. खड्ड्यात काढलेलीच माती, दोन घमेली कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा. जुलैच्या मध्यापर्यंत लावलेल्या रोपाला पावसाचे दोन-अडीच महिने मिळतात आणि तेवढ्यात ते मूळ धरते. दिवाळीच्या सुमारास लावलेल्या रोपाला पुढे सात महिने आपणच पाणी पाजायचे असते.

आणि पाला जाळू नये. पूर्वी आम्ही अंगण झाडून ढीग पेटवायचो. आता तोच पाला झाडांच्या बुंध्याभोवती चार बोटे जाड पसरतो, खोडाला न चिकटवता. मातीतला ओलावा किती टिकतो ते एप्रिलमध्ये पाला बाजूला करून बोट लावले की कळते.

घाटावर आणि गॅलरीत

सोलापूर, मराठवाडा, नगरकडच्या वाचकांना कोकणातले पेव आणि भूतकेस जमणार नाही. तिथे तरवड लावावा. माळरानावरचे हे झुडूप पिवळ्या फुलांनी भरते आणि अवर्षणात टिकते. त्याची साल पूर्वी कातडे कमावायला वापरत. निर्गुडी, कोरांटी, अडुळसा आणि मेंदी तिकडेही उत्तम येतात. कोरांटीला पावसाळा संपता संपता पिवळी फुले येऊ लागतात, आणि तिची वाळलेली बोंडे ओली झाली की टचकन फुटून बी दूर उडते. मुलांना हा खेळ फार आवडतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही निराश होऊ नये. गॅलरीत चार तास ऊन येत असेल तर मोठ्या कुंडीत कढीपत्ता, कुंती आणि जुई होते. ऊन कमी असेल तर अबोली. पण कुंडीतल्या झाडाला मुळे खोल नेता येत नाहीत, म्हणून त्याला उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते. तेव्हा कुंड्या मोजक्या ठेवाव्यात, वुजूच्या पाण्यात भागतील तेवढ्याच.

या वर्षीचा मे

या वर्षीही विहिरीचे पाणी खाली गेले. आमच्या बागेमुळे विहीर भरली, असे आम्ही म्हणणार नाही. तिला कारणे पुष्कळ आहेत. पण मोटर मे महिनाभर बंद राहिली आणि पहाटे दोरी तळाला पोहोचली. अंगणात आता हिरवळ नाही. सारवलेली जमीन आहे, कडेला अडुळसा आणि मेंदी. नव्याने आलेले पाहुणे ‘बाग कुठे आहे?’ असे विचारतात आणि आम्ही त्यांना परसात नेतो.

झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिला जातो, हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. अम्मींनी लावलेल्या अडुळशाची पाने वाडीतले लोक आजही नेतात. खालांना आता गडगा चढवत नाही, म्हणून आम्हीच पाने तोडून त्यांच्याकडे पोहोचवतो. परवा पाने द्यायला गेलो तर त्यांनी पदराच्या गाठीतून करवंदाच्या बिया काढून हातावर ठेवल्या. म्हणाल्या, “गडग्याची पूर्वेची बाजू अजून उघडी आहे.”

त्या बिया तीन दिवसांच्या आत पेरल्या. तुमच्या हाती हा अंक पडेल तेव्हा मृग जवळ आला असेल. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या, तुमच्या परसात पूर्वी काय होते ते. आणि या आठवड्यात एक खड्डा खणून ठेवा.